मिस लुएलाच्या डावीकडची खुर्ची

पियानोच्या पोटाखाली उकिडवी बसून मी त्याचे पाय पुसत होते, आणि माझ्या डोक्यावर समुद्र सुरू झाला.

दुपारची वेळ. सीक्रेस्ट हॉटेलचा मोठा हॉल रिकामा. उन्हाने गालिचे विटतात म्हणून पडदे ओढलेले, त्यांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या जमिनीवर पसरलेल्या. कोणी आत आल्याचं मला कळलंच नाही. आधी खोलात कुठेतरी एक लाट उठली, तिच्यावर दुसरी आली, मग खडकांवरून पाणी परत जाताना खळखळतं तसं काहीतरी बारीक बारीक ओघळत गेलं. वरचं लाकूड थरथरत होतं, आणि त्याच्याबरोबर माझे दातही. मी मुरुडची. आमच्या ओट्यावरून जंजिऱ्याचा किल्ला दिसतो, भर पाण्यात उभा. लहानपणी वाटायचं, त्या किल्ल्याच्या तळघरात बसलं तर चारी बाजूंनी असंच ऐकू येत असेल. फडकं हातात धरून मी डोळे मिटले, ते मिटलेच.

वाजणं थांबलं. मी डोळे उघडले तर समोर एक चंदेरी बूट. मग गुडघा टेकला आणि एक चेहरा खाली वाकून माझ्याकडे बघायला लागला.

चेहरा माझाच होता. म्हणजे तसंच कपाळ, तसंच नाक, तसेच जाड ओठ, पिकल्या जांभळाचा तोच रंग. वयाने दहाएक वर्षं मोठी असेल. फक्त कानांत मोत्याचे डूल आणि केसांना कसलं तरी तेल लावून चापून बसवलेले.

मी रांगत बाहेर आले. वाटलं, आता ही ओरडणार. वाजवताना खाली कोणी सापडलं तर मड्डमा ओरडतातच. हिने माझी हनुवटी धरली, माझं तोंड उजेडाच्या पट्टीत वळवलं आणि काहीतरी विचारलं. मला हॉटेलपुरतं इंग्रजी यायचं, टॉवेल, पाणी, येस मॅडम. त्यात हा प्रश्न बसत नव्हता.

दारात कायतान उभा होता. हा गोव्याचा, सासष्टीचा. दिवसा पियानोचे सूर लावायचा, रात्री बँडात फिडल वाजवायचा. पोट सुटलेलं, आणि तोंड त्याहून सुटलेलं.

"मिस विचारता, तू खंयची?" तो म्हणाला. "आफ्रिकेतली काय?"

"माझी आजी पण कधी आफ्रिकेत गेली नाही. मुरुडची म्हणून सांग."

"मुरूड तिला काय कळतलं, बाय?"

"मग सांग, आम्ही सिद्दी. जंजिऱ्याचे. आमचा किल्ला आजवर कोणी घेतला नाही."

तुमच्या शाळेच्या पुस्तकांत आमच्याबद्दल काय काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. असू दे. किल्ला कोणी घेतला नाही, हे त्या पुस्तकांतही लिहिलंय.

कायतानने सांगितलं. तिने पुन्हा काही विचारलं.

"म्हणता, तुझी माणसं हांगा कशी आयली?"

"कशी येणार? जहाजातून. फार मागे."

"म्हणता, आमचीं पण जहाजांतल्यानच आयलीं."

"असं? मग त्यांचा किल्ला कुठे आहे?"

कायतानने कपाळाला हात लावला, पण सांगितलं. ती हसली. इतकी हसली की पियानोच्या बैठकीवर बसली आणि मोत्याचे डूल हलायला लागले. मग हसू हळूहळू विरलं. बोटं पट्ट्यांवर ठेवून, न दाबता, ती हळूच काही बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणता, अजून बांधतां."

तिचं नाव मिस लुएला टॉलिव्हर. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आदल्या हिवाळ्यात ती अमेरिकेहून बोटीने मुंबईला आली, सीक्रेस्टच्या डिनरला जाझ वाजवायला. हॉटेलातली माणसं पाठीमागे तिला काळी मड्डम म्हणायची आणि मला हबशीण. हबशीण म्हटल्याचा मला राग येत नाही. हळू आवाजात म्हटलं की येतो.

रात्री ती वाजवायची तेव्हा गोरे लोक उठून नाचायचे. पण दुपारी, रिकाम्या हॉलमध्ये, ती वेगळंच वाजवायची. जुन्या जर्मन लोकांचं, लांबलचक, जड. त्यावर कोणी नाचूच शकलं नसतं. मी रोज काहीतरी पुसायचं काढून तिथेच घुटमळायचे. त्या हॉलमध्ये पुसायला इतकं असेल असं मुकादमालाही ठाऊक नव्हतं.

"हात तेच," कायतान म्हणायचा, "पण रातीचे वेगळे आनी दिसाचे वेगळे. दिसाचे हात तिचे सोताचे. रातीचे भाड्यान दिलेले."

ती स्वतः त्याला म्हणाली होती, लोक जेवताना काटेचमचे वाजवतात आणि मी त्यांना साथ करते.

गोऱ्यांची एक संगीत मंडळी होती. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी याच हॉलमध्ये जमायची. हिंदी माणसाला तिथे मज्जाव, खुर्च्या मांडणारे आणि सरबत फिरवणारे सोडून. मिस लुएला काळी, पण अमेरिकेची, आणि वाजवणारी, म्हणून बऱ्याच खटपटीने तिला एक शनिवार मिळाला होता. जज्जाची मड्डम मंडळीची अध्यक्ष. तिने मान डोलावली की कलकत्ता, कोलंबो, सिंगापूर, सगळीकडच्या मंडळ्या बोलवायच्या, दिवसाचे हात ऐकायला. तिने नाक मुरडलं की मिस लुएलाने जन्मभर काटेचमच्यांना साथ करायची. इतकं त्या शनिवारावर होतं. हॉटेलातल्या कुत्र्यालाही हे माहीत होतं.

एक दिवस कायतान मला शोधत वरच्या मजल्यावर आला.

"जैबूबाय, मिस म्हणता, शनिवारी तिका पानां उलटपाक माणूस जाय. तू."

पियानोवर कागद ठेवून वाजवतात तेव्हा वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून डाव्या बाजूला खुर्ची टाकून एक माणूस बसतो आणि वेळेवर पान उलटतो.

"माझी मराठी दुसरी पण पुरी झाली नाही," मी म्हटलं. "ते मुंग्यांसारखं लिहिलेलं मी काय वाचणार?"

"वाचपाचें ना गो. तिच्या मानेकडे नदर दी. मान हलयली की उलट."

"आणि तिला शिंक आली तर?"

"शिंक आली तर म्हण, सुखी राव. पान उलटूं नाका."

दुपारी मला खुर्चीवर बसवलं. उठायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा, तिच्या डोळ्यांसमोर सावली पडणार नाही असं वाकायचं, मान हलली की आवाज न करता उलटायचं, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी मी पान असं उलटलं की जणू पापड. ती हसली, मग माझं मनगट हातात धरून दाखवलं. तिची बोटं थंड आणि कडक होती, नांगर ओढणाऱ्या नाखव्यासारखी.

त्या दुपारी आता आठवल्या की त्या खऱ्या होत्या का, असं वाटतं. पडद्यांच्या फटी हळूहळू सरकायच्या. उजेडाची पट्टी आधी तिच्या बुटावर, मग माझ्या पदरावर, मग पियानोच्या काळ्या अंगावर चढायची. आम्ही दोघी त्या काळ्या अंगात उलट्या दिसायचो, पाण्यात दिसावं तशा, आणि कधी कधी कुठली मी आणि कुठली ती हे मलाच कळायचं नाही. ती कागदाकडे बघायची, मी तिच्या मानेकडे. मानेवर घामाचा एक थेंब असायचा, तो घरंगळायच्या बेतात असला की पान जवळ आलं असं मी धरून चालायचे. बाहेर बंदरात कुठलीतरी बोट भोंगा द्यायची. मिस लुएला त्या भोंग्याचाही सूर पियानोवर शोधून वाजवून दाखवायची, आणि पुढे जायची.

माझी खाला, म्हणजे मावशी, त्याच हॉटेलात आया होती. तिने कपाळ बडवून घेतलं. "स्टेजवर बसणार? गोऱ्यांसमोर? तुझ्या बापाला कळलं तर होडीत बसून येईल आणि मला बुडवेल."

"मी नाचणार नाही, खाला. पानं उलटणार."

"काय उलटायचं ते घरी बसून उलट."

मग कपड्यांचं. साडीचा घोळ पियानोच्या पायपट्ट्यांत अडकेल, असं कायतानचं म्हणणं. मिस लुएलाने तिचा एक गाऊन काढला, गडद निळा, बिनबाह्यांचा. मी म्हटलं, बाह्या शिवल्याशिवाय अंगाला लावणार नाही. शिंपी बसवला. मग म्हटलं, डोकं उघडं ठेवणार नाही. तिने रेशमी रुमाल दिला. तो मी आमच्या पद्धतीने बांधला. आरशात पाहिलं तर आमच्या किल्ल्यावर कधीकाळी राज्य केलेली कोणी तरी बेगम उभी होती. खाला बघतच राहिली. मग म्हणाली, "बाह्या अजून दोन बोटं लांब हव्या होत्या."

शनिवार आला. हॉल अत्तराने आणि मेणबत्त्यांनी जड झालेला. बाजूच्या खोलीत आम्ही तिघं, मिस लुएला, कायतान आणि मी. तेवढ्यात हॉटेलचा मॅनेजर क्रॉली आला. त्याने मला वरून खाली पाहिलं आणि लाल झाला.

तो काय बोलला ते कायतानने सांगायची गरज नव्हती. आया. नो. आऊट. एवढं मला येत होतं.

मिस लुएला शांतपणे बोलली. तो आणखी लाल झाला.

"मिस म्हणता, हिका खुर्ची ना तर वाजवणें ना," कायतान माझ्या कानात म्हणाला. "क्रॉली म्हणता, वाजवलें ना तर करार मोडलो, सोमवारच्या बोटीन परत वच."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली होती. वाजवायची वेळ टळून गेली होती. मिस लुएला बसून होती, हात मांडीवर. मला तिचे हात दिसले. बोटं मांडीवरच, आवाज न करता, वाजवत होती.

मी म्हटलं, "कायतान, सांग तिला, मी जाते. एवढ्यासाठी..."

तेवढ्यात दार उघडून जज्जाची मड्डम स्वतः आत आली, उशीर का म्हणून बघायला. उंच, पांढरे केस, आवाजात साखर. तिने मिस लुएलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा फुलला. दोन्ही हात पसरून ती काही तरी गोड बोलली.

क्रॉलीच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला. तो घाईघाईने मान डोलवायला लागला. येस, येस. कायतानने तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?"

"मड्डम म्हणता, ही तुमची भयण ना? किती सारखी! आनी क्रॉली म्हणता, होय होय, भयणच, अमेरिकेसून आयल्या."

मड्डम माझा हात दाबून निघून गेली. क्रॉलीने रुमालाने मान पुसली. आता सगळ्यांचं भागत होतं. मंडळीचा नियम हिंदी माणसासाठी होता. अमेरिकेच्या बहिणीला कोण अडवणार? खुर्ची मिळाली, करार वाचला, मड्डम खूश. माझं काम एवढंच, की तोंड उघडायचं नाही.

"जैबूबाय," कायतान म्हणाला, "घडीभर अमेरिकेत वच, मागीर परत ये. कितें जाता?"

मिस लुएलाने माझ्याकडे पाहिलं. तिने काही मागितलं नाही, पण बोटं अजून मांडीवर वाजवतच होती. त्या हातांकडे बघून मी गप्प राहिले. आमच्या घराण्यात कोणी गप्प राहिल्याची ही पहिली वेळ.

आम्ही बाहेर गेलो. टाळ्या झाल्या. मी खुर्चीवर बसले. समोर मेणबत्त्यांच्या पलीकडे गोरे चेहरे, एकामागे एक, भरतीच्या फेसासारखे. मग तिने हात उचलले आणि सगळं पाण्याखाली गेलं.

पहिली पानं नीट गेली. मान हलली, उठले, उलटलं, बसले. तिचे डोळे कागदावर होते. हळूहळू वाजवणं खोल होत गेलं आणि मी मानेवरचा तो थेंब शोधत राहिले. मान हलली. मी कोपरा धरून उलटलं. समुद्राकाठची हवा, दमट कागद. बोटांना काही तरी जाड लागलं, तेव्हा उशीर झाला होता. आकडे मला येत होते, खोल्यांचे नंबर वाचूनच तर मी टॉवेल पोचवायचे. नऊनंतर समोर दहा यायला हवा होता. आला बारा.

या अल्ला. दोन पानं एकदम गेली होती. आता ती थांबणार, आता चुकणार, कलकत्ता गेलं, कोलंबो गेलं, आणि सगळं माझ्या बोटांमुळे. मी पान मागे घ्यायला हात उचलला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तिचे डोळे मिटलेले होते.

हात तसेच चालले होते, न अडखळता, एका लाटेतून दुसरीत. मग, डोळे मिटलेलेच असताना, तिने मान हलवली. मी पान उलटलं. कुठलं, देव जाणे. काही फरक पडला नाही.

मध्यंतरात बाजूच्या खोलीत गेल्या गेल्या मी कायतानला म्हटलं, "हिला सगळं पाठ आहे. विचार."

"आसतलें."

"विचार! पाठ आहे तर मला बाहुलीसारखी कशाला बसवली? मला वाटलं मी हिला बुडवली."

मिस लुएला पाणी प्यायली, तिने ग्लास खाली ठेवला आणि ती बोलायला लागली. थांबत थांबत, कायतानला सांगता येईल असं. तो सांगत होता आणि त्याचा नेहमीचा चावटपणा आवाजातून गेला होता.

तिच्या गावात गाणं-वाजवणं शिकवायचं एक मोठं कॉलेज होतं. काळ्या मुलांना तिथे दार बंद. तिची आई तिथले कपडे धुवायची. तिथल्या मोठ्या शिक्षिकेला पानं उलटायला कोणीतरी हवं होतं, म्हणून या धोबिणीच्या पोरीला घेतलं. पोरीला सूर वाचता येतात हे कोणाला ठाऊक नव्हतं, चर्चमध्ये एका म्हाताऱ्याने चोरून शिकवलं होतं. पानं उलटता उलटता ती सगळं शिकली. शिक्षिकेचे हात बघून, वर्षानुवर्षं.

"पूण उबी रावन," कायतान म्हणाला. "पानां उलटपी माणसाक खुर्ची आसता, मड्डमच्या दाव्या हाताक. काळ्या पोरीन बसूंक जायना. देखून खुर्चीर फुलदाणी दवरताले."

"फुलं बसायची आणि ही उभी?"

"होय."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. चंदेरी बूट, घोटे सुजलेले. खोलीत इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता. बाहेर लोक सरबत पीत हसत होते.

मग मला राग आला. खरं सांगते, दया यायला हवी होती, पण राग आला.

"कायतान, तिला विचार, मग आज त्या खुर्चीवर कोण बसलंय?"

"तू."

"मी नाही. हिची अमेरिकेची बहीण बसलीय. जैबुन्निसा अजून दाराबाहेर आहे. माझ्याऐवजी आजही फुलदाणीच ठेवली असती तर काय बिघडलं असतं? ती पण तोंड उघडत नाही."

"हें मी तिका सांगूं?"

"सांग. एक अक्षर गाळलंस तर बघ."

त्याने सांगितलं. मिस लुएला ऐकत राहिली. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. ओहोटीच्या वेळी वाळू उघडी पडते तसा. घंटा वाजली. ती उठली, माझ्या रुमालाची सुटलेली गाठ तिने नीट बसवली आणि एवढंच म्हणाली, "येस." हे मला कळलं.

उरलेलं वाजवणं मी ऐकलं की नाही, आठवत नाही. पानं उलटली. मधे एकदा मला वाटलं, आम्ही दोघी किल्ल्याच्या तटावर बसलोय, खाली चारी बाजूंनी पाणी, आणि गोरे लोक फार लांब किनाऱ्यावर, मुंग्यांएवढे. मग सगळं थांबलं आणि टाळ्या कोसळल्या. लोक उभे राहिले. खरंच उभे राहिले. कायतान बाजूला उभा राहून डोळे पुसत होता आणि सगळे कागद गोळा करत होता.

जज्जाची मड्डम गुलाबांचा गुच्छ घेऊन वर आली. मिस लुएलाच्या गालाला गाल लावला. कलकत्ता, हा शब्द मी स्पष्ट ऐकला. मग ती माझ्याकडे वळली. बाई वाईट नव्हती, खरोखर प्रेमाने विचारत होती. त्यातला अमेरिका मला कळला. अमेरिकेत कुठली गं तू?

तिच्या खांद्यामागे क्रॉली माझ्याकडे बघून मान डोलवत होता, तान्ह्या पोराला दूध पी म्हणतात तसा. मी मिस लुएलाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पट्ट्यांकडे बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं असतं, ते हात मला पुन्हा दिसले असते, तर कदाचित मी गप्प राहिले असते. तिने मला मोकळी सोडली.

"नो अमेरिका, मॅडम," मी म्हटलं. आवाज मोठाच आहे माझा. पहिल्या चार रांगांनी ऐकलं. "कायतान, इकडे ये आणि सांग यांना. बहीण म्हणायचं तर म्हणा, मला चालेल. अमेरिकेची म्हणू नका. मी जैबुन्निसा, सिद्दी इब्राहीम नाखव्याची मुलगी, मुरुड-जंजिऱ्याची. वरच्या मजल्याच्या खोल्या मी झाडते. आणि मागच्या वेळी तुमचा पंखा खुर्चीखाली राहिला होता, तो पायऱ्यांपर्यंत धावत येऊन तुमच्या हातात मीच दिला होता."

कायतान पांढरा पडला. पण त्याने एक अक्षर गाळलं नाही. पंख्यापर्यंत सगळं सांगितलं.

मड्डमने माझ्याकडे पाहिलं. हात दाबला होता, बोलली होती, पण पाहिलं आत्ता. मग तिने क्रॉलीकडे पाहिलं, आणि गुच्छ घेऊन परत वळली. द्यायचा राहिला तो तिच्याच हातात.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे कोणी विचारायला नको. कलकत्त्याचं बोलावणं आलं नाही. मिस लुएला बोटीने कोलंबोला गेली, तिथल्या हॉटेलात जाझ वाजवायला, आणि पुढे कुठे गेली ते कायतानलाही कळलं नाही. मला दुसऱ्या दिवशी काढलं. खालालाही. खाला मरेपर्यंत मला ते ऐकवत होती. मी डोंगरीला खाणावळ काढली, चार मुलं वाढवली, आता नातवंडांना ओरडते. कायतान शुक्रवारी बिर्याणी खायला यायचा आणि दर वेळी म्हणायचा, बाय, एक शब्द गिळला असतास तर ती आज मोठी झाली असती. मी म्हणायचे, कायतान, बिर्याणी गीळ. खुर्ची मी मागितली नव्हती, तिने मागितली होती, आणि ती कशासाठी हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. पुढच्या रांगेतले लोक उठून निघाले, बायका झगे सावरत. क्रॉली पायरीशी येऊन मला बोटाने खाली ये, खाली ये करत होता. मी उठले. माझं काम संपलं होतं. वाजवायचं जे लिहिलेलं होतं ते वाजवून झालं होतं, कागद कायतानच्या काखेत होते.

मिस लुएला पियानोवर पुन्हा बसली.

"सिट, जैबू," ती म्हणाली. माझं नाव तिने त्याआधी कधी घेतलं नव्हतं.

आणि तिने सुरू केलं. ते दिवसाचं नव्हतं आणि रात्रीचंही नव्हतं. डावा हात त्या जड, जुन्या लाटा आणत होता, आणि उजवा त्यांच्यावर नाचत होता, हसत होता, शिव्या देत होता. जाणारे काही दारात थांबले, काही निघून गेले. रिकाम्या खुर्च्यांच्या मागे हॉटेलचे बेअरर हातात ट्रे घेऊन येऊन उभे राहिले. क्रॉली पायरीवर तसाच बोट उचलून उभा होता.

मी गाऊन सावरला आणि तिच्या डावीकडे बसले. समोर कागद नव्हता, उलटायला काही नव्हतं. हात मांडीवर ठेवून मी नुसती बसून राहिले, तिचं संपेपर्यंत.